क्वांटम मेकॅनिक्स शिकताना पडलेला प्रश्न: हर्मिट, लजांद्र यांच्या डिस्क्रीट (सुट्या बिंदूंवरच्या) बहुपदी म्हणजे फक्त संगणकासाठी केलेल्या अंदाजे आवृत्त्या असतात का? स्पेशल फंक्शन्सशी त्यांचं नातं काय?

नाही. उलट हर्मिट बहुपदीच डिस्क्रीट बहुपदींच्या लिमिटमधून निघतात, आणि त्या वाटेत एक फार सुंदर गोष्ट हरवते. ती दिसावी म्हणून एक लहान उदाहरण आकड्यांनिशी घेतो.

नाणं ४ वेळा उडवा. छापा ०, १, २, ३ किंवा ४ वेळा पडण्याची वजनं १, ४, ६, ४, १. आता इंटिग्रलऐवजी या पाच बिंदूंवरची बेरीज घ्या आणि या वजनांसह एकमेकींना ऑर्थोगोनल असणाऱ्या बहुपदी शोधा, म्हणजे कुठल्याही दोघींच्या गुणाकाराची वजनांसह बेरीज शून्य यावी. शून्यावरची किंमत १ धरली, तर पहिल्या घाताची बहुपदी १, १/२, ०, −१/२, −१ या किमती घेते आणि दुसऱ्या घाताची १, ०, −१/३, ०, १. शून्य घाताची बहुपदी सगळीकडे १ आहे, म्हणून दुसरीला नुसतं वजनांनी गुणून बेरीज करा: १ + ० − २ + ० + १, म्हणजे शून्य.

या क्रावचुक बहुपदी. मिखाइलो क्रावचुक हे युक्रेनियन गणिती. १९२९ च्या त्यांच्या फ्रेंच लेखात हर्मिट बहुपदींचं व्यापकीकरण म्हणूनच त्या मांडल्या आहेत. १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली आणि १९४२ मध्ये ते कोलिमात वारले. पुस्तकांत नुसतं आडनाव येतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता स्पेशल फंक्शनकडे. एकूण म वेळा नाणं उडवलं, तर न घाताच्या बहुपदीची क्ष या बिंदूवरची किंमत अशी काढतात: क = ०, १, २… घेऊन (−२) चा क घात, गुणिले न मधून क निवडण्याचे प्रकार, गुणिले क्ष मधून क निवडण्याचे प्रकार, भागिले म मधून क निवडण्याचे प्रकार; या सगळ्या पदांची बेरीज. गाउसच्या हायपरजॉमेट्रिक मालिकेत वरचे पॅरामीटर −न आणि −क्ष, खालचा −म आणि चल २ घातलं की हेच मिळतं. वर ऋण पूर्णांक असल्यामुळे मालिका काही पदांतच संपते.

सूत्रात न आणि क्ष यांची अदलाबदल करून बघा. काहीच बदलत नाही! पहिल्या घाताची ३ वरची किंमत −१/२, तर तिसऱ्या घाताची १ वरची किंमतही −१/२. म्हणून घातांमधलं तीन पदांचं रिकरन्स (लागोपाठच्या तीन घातांच्या बहुपदींना जोडणारं सूत्र) आणि बिंदूंमधलं डिफरन्स समीकरण (शेजारच्या बिंदूंवरच्या किमतींना जोडणारं) ही दोन वेगळी समीकरणं उरतच नाहीत.

मग क्ष = म/२ + य√(म/२) असं लिहून म वाढवत न्या. वजन गाउसच्या घंटाकार वक्राकडे जातं आणि बहुपदी, योग्य गुणकासह, हर्मिटकडे. डिफरन्स समीकरणाचं हर्मिटचं डिफरन्शियल समीकरण होतं, रिकरन्स मात्र रिकरन्सच राहतं; अदलाबदलीची ती सुंदर गोष्ट हरवते ती इथेच. वर्गात ही दोन समीकरणं वेगवेगळी सिद्ध करावी लागतात ती यामुळे.

छापा पडण्याची शक्यता अ/म इतकी लहान ठेवून म वाढवलात, तर पॉइसाँचं वजन येतं आणि चार्लिए बहुपदी मिळतात. ही तर, योग्य गुणकासह, वेश पालटलेली लगेर बहुपदीच: लगेरच्या चिन्हाच्या डोक्यावर लिहितात तो पॅरामीटर क्ष − न, आणि चलाच्या जागी अ. लगेरच्या नेहमीच्या रूपात जो पॅरामीटर स्थिर धरतो, त्याच्यावरच इथे बेरीज चालते.

लजांद्रचं विचारलंत, तर सगळ्या बिंदूंना सारखं वजन दिलं की चेबिशेवच्या डिस्क्रीट बहुपदी येतात आणि बिंदू दाट करत नेले की त्यांचं लजांद्र होतं. लीस्ट स्क्वेअर्ससाठी त्या आजही कामाच्या आहेत. त्यांच्याहून व्यापक हान बहुपदी, आणि हानहून व्यापक राका बहुपदी. तुम्ही क्वांटम मेकॅनिक्स शिकताय, म्हणून सांगतो: दोन कोनीय संवेग एकत्र करताना येणारे क्लेब्श-गॉर्डन सहगुणक हे योग्य गुणकासह हान बहुपदीच आहेत. जुलिओ राका यांनी १९४२ मध्ये अणूंच्या स्पेक्ट्रमसाठी काढलेल्या सहगुणकांमागेही ऑर्थोगोनल बहुपदी आहेत, हे ॲस्की आणि विल्सन यांनी १९७९ मध्ये दाखवलं. न आणि क्ष यांची अदलाबदल तिथेही चालते.