आढळ, प्रसार की वितरण? आणि शेणकिड्याच्या नावातला कंस

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या मुलीने प्रकल्पवहीत गोठ्यामागच्या शेणकिड्याबद्दल लिहिलं: ‘कॅथार्सियस मोलोसस (लिनियस, १७५८). भौगोलिक वितरण: भारत, आग्नेय आशिया, चीन.’ वही तपासून आली तेव्हा कंस लाल शाईने खोडलेला होता. ताईंचे प्रश्न दोन: कंस बरोबर होता की चूक? आणि ‘वितरण’ हा शब्द कानाला खटकतो तो का?

ताई, कंस बरोबर होता. मुलीला तो परत घालायला सांगा.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणती लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू होते. अशा नावातला पहिला शब्द प्रजातीचा (इंग्रजीत जीनस), दुसरा त्यातल्या जातीचा (स्पीशीज). त्या वेळी त्याने शेणातल्या आणि इतरही कितीतरी भुंगेऱ्यांना ‘स्कॅराबियस’ या एकाच प्रजातीत बसवलं होतं. हा किडाही तेव्हा ‘स्कॅराबियस मोलोसस’ होता. पुढे १८३७ मध्ये होप या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने ‘कॅथार्सियस’ ही प्रजाती वेगळी काढली आणि आपला किडा तिकडे गेला. नियम असा, की जातीला पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं नाव आणि साल पुढे लिहायचं. जात मूळच्या प्रजातीतच असेल तर कंसाविना, आणि प्रजाती बदलली असेल तर कंसात. म्हणजे ‘या किड्याला मोलोसस लिनियसने म्हटलं, पण आज तो ज्या घरात आहे ते घर लिनियसचं नव्हे’ एवढं सगळं त्या दोन वळणांत सांगून होतं. कंस खोडला की माहिती चुकते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईच्या जुन्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं, तसंच हे.

दोन्ही शब्दांचे अर्थही मुलीला जरूर सांगा. कॅथार्सियस ग्रीकमधून आलंय, ‘शुद्ध करणारा’. शेणाचा पो जमिनीत ओढून नेणाऱ्या जिवाला याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही. मोलोसस हे प्राचीन ग्रीसमधल्या मोलोसिया भागातल्या दांडग्या कुत्र्याचं नाव. ते नाम आहे, म्हणून प्रजाती बदलली तरी त्याचं रूप बदलत नाही. विशेषण असतं तर प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदललं असतं, जसं आपण काळा बैल, काळी गाय म्हणतो. आपल्याकडच्या कुटुर्गा पक्ष्याचं तसंच झालं: आधी ‘मेगालायमा झेलॅनिका’, आता ‘सायलोपोगॉन झेलॅनिकस’. झेलॅनिकस म्हणजे सिलोनचा. सिलोनचं १९७२ मध्ये श्रीलंका झालं, तरी पक्ष्याच्या नावातलं सिलोन तसंच राहिलं. शास्त्रीय नावाचं मूळ रूप गावाच्या नामांतराबरोबर बदलत नाही. २०१४ साली सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा इथल्या पुष्कळांच्या मनात काय काय आलं ते मला ठाऊक आहे. जीवशास्त्रातल्या नावांना मात्र ती झळ लागत नाही.

हाताने लिहिताना प्रजाती आणि जात या दोन शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारायची, लिनियसच्या नावाखाली नाही. रोमन लिपीत प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं आणि जातीचं लहान असतं. देवनागरीत तो प्रश्नच येत नाही.

आता वितरण. तुमचा कान बरोबर आहे. रेशनचं वितरण होतं, बक्षिसांचं होतं, विजेचं होतं. वितरणाला देणारा लागतो. शेणकिडे कुणी वाटले नाहीत. इंग्रजी ‘डिस्ट्रिब्यूशन’ला जवळचा म्हणून पाठ्यपुस्तकी मराठीने तो उचलला असावा, पण मराठीत याला सरळ शब्द आहे: आढळ. ‘या किड्याचा आढळ भारतापासून चीनपर्यंत आहे.’ आढळणे या रोजच्या क्रियापदाचंच ते नाम. मुलांना एकच बजावायला हवं, सुरुवात ‘आ’ने. ‘अढळ’ लिहिलं तर किडा ध्रुवपदाला जाऊन बसतो.

प्रसार हा तिसरा शब्द, आणि तो वेगळ्या कामाचा. ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांनी १७८८ पासून गुरं नेली. तिथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईचं ओलं शेण माळावर तसंच पडून राही आणि त्यात माश्या वाढत. १९६० च्या दशकापासून तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने बाहेरचे शेणकिडे आणून सोडले. त्यांतला ‘डिजिटोन्थोफॅगस गॅझेला (फॅब्रिशियस, १७८७)’ चांगलाच फोफावला. इथे ‘ऑस्ट्रेलियात प्रसार झाला’ म्हणणं योग्य. आणि हो, याच्याही नावाला कंस आहे.

आढळ या शब्दात मला आणखी एक प्रामाणिकपणा दिसतो: जिथे दिसला, तिथे नोंदला. याचं उदाहरण तुमच्याच तालुक्यात आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमसने १९१३ मध्ये जगापुढे आणलं आणि वनखात्यातल्या रॉटन यांचं नाव त्याला दिलं. आज ते ‘ओटोमॉप्स रॉटोनाय (थॉमस, १९१३)’. तेही आधी दुसऱ्या प्रजातीत होतं, म्हणून कंस. कितीतरी दशकं ते जगात फक्त त्या एका गुहेत आहे असं मानलं जाई. मग मेघालयात सापडलं, थेट कंबोडियातही सापडलं. वटवाघूळ तिथे आधीपासून असणारच, माणसाची नजर उशिरा पोचली. म्हणून मुलीच्या वहीत ‘आढळ: भारत, आग्नेय आशिया, चीन’ या ओळीखाली तिच्या वाडीचं नाव आणि किडा सापडल्याची तारीख जरूर असू द्या. फक्त जात पक्की ठरवायला जाणकाराला किडा दाखवून घ्या. या प्रजातीतल्या काळ्या, शिंगवाल्या भावंडांत फरक बारीक असतो.

राहिलं आपलं नाव. शेणकिडा म्हटलं की गोळा घरंगळत नेणारा, पोच्या खालीच बीळ खणणारा आणि शेणातच राहणारा, तिन्ही आले. कानडी शेजारी ‘सगणी हुळ’ म्हणतात, त्यातही तेच. हे गटाचं नाव झालं, एका जातीचं नव्हे. मोलोसस खणणारा आहे, तो गोळा घरंगळवत नाही. तुमच्या वाडीत जुन्या माणसांकडे गोळेवाल्याला एक आणि खणणाऱ्याला दुसरं असं नाव असेल, तर ते शास्त्रीय नावाच्या वरच्या ओळीत लिहायला सांगा, आणि मलाही कळवा.