हाडं भरली, की नुसता आकडा वाढला?

प्रश्न : वय 61. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे 2.7 आला. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची, हाडांची झीज रोखणारी ॲलेंड्रोनेटची गोळी लिहून दिली आहे. धाकटी बहीण म्हणते, आधी सहा महिने कॅल्शियम, डी आणि के-2 जीवनसत्त्वं, मॅग्नेशियम आणि बोरॉन घेऊन बघ, मग ठरव. बघू का?

उत्तर : बघणार कशावरून? सहा महिन्यांत घनतेत जो फरक पडतो, तो बहुधा तपासणीत नेहमी राहणाऱ्या थोड्याफार चुकीएवढाच असतो. म्हणून तर डेक्सा साधारण वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा करतात. मधल्या काळात हाड आणखी झिजलं तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही, कारण हाड मोडेपर्यंत हा हाडं ठिसूळ होण्याचा आजार दुखत नाही.

बरं, घनता वाढली असं धरू. 1990 साली सोडियम फ्लोराइडच्या एका चाचणीचा निकाल आला होता. 4 वर्षांत कमरेच्या मणक्यांची घनता तब्बल 35 टक्क्यांनी वाढली होती. पण मणके मोडायचे काही लक्षणीय कमी झाले नाहीत, आणि बाकीची हाडं उलट जास्त मोडली. हाड भरलं खरं, पण कच्चं भरलं. तेव्हापासून कुठलीही नवी बाटली समोर आली की मी एकच विचारतो: हिच्यामुळे हाडं मोडायची कमी झाली का?

बहिणीच्या यादीला हा प्रश्न विचारा. मॅग्नेशियम शरीरात कमी असेल तर जरूर भरून काढावं. बोरॉनने फ्रॅक्चर टळल्याचा पुरावा नाही. ॲलेंड्रोनेटने टळल्याचा आहे. मणका आधीच मोडलेल्या स्त्रियांवरच्या 1996 मधल्या चाचणीत नवे मणके मोडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी होतं, त्यांना दोन्ही गटांत कॅल्शियम आणि डी दिलं होतं. म्हणजे औषध की कॅल्शियम अशी लढत मुळात नव्हतीच. बहिणीचं निम्मं बरोबर आहे, पण "आधी" आणि "मग" तेवढं काढून टाका.

गोळी सकाळी अनशापोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर घ्या. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. दोन्ही एकदम घेतलीत तर ॲलेंड्रोनेट अंगी लागतच नाही.

प्रश्न : मुलाने हाडांसाठी स्ट्रॉन्शियम सायट्रेट हे पूरक आणून दिलं. दीड वर्षात माझी घनता चांगली 6 टक्के वाढली. आता तरी पूरकांवर विश्वास ठेवाल ना?

उत्तर : पूरकांशी माझं भांडण नाही, त्या 6 टक्क्यांशी आहे. स्ट्रॉन्शियम हाडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, याचा 38. जड अणू क्ष-किरण जास्त अडवतो आणि डेक्सा यंत्राला हाड दाट दिसतं. तुमच्या वाढीतला मोठा भाग हा असा दिसण्यातला आहे.

स्ट्रॉन्शियम रॅनेलेट नावाचं औषध होतं आणि त्याने फ्रॅक्चर कमी झाली होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हृदयविकाराचा धोका दिसल्यावर 2014 मध्ये युरोपात त्याच्या वापरावर कडक बंधनं आली, आणि पुढे कंपनीनेच ते बंद केलं. सायट्रेट हा वेगळा क्षार आहे. रॅनेलेटचं यश त्याच्या खात्यावर मांडता येत नाही, आणि त्याची स्वतःची फ्रॅक्चर मोजणारी चाचणी नाही. मी असतो तर थांबवलं असतं. पुढच्या डेक्साच्या वेळी मात्र स्ट्रॉन्शियम घेतल्याचं न विसरता सांगा. ते हाडात बराच काळ राहतं आणि आकडे फसवत राहतात.

प्रश्न : रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिन चालू आहे. हाडांसाठी के-2 घेऊ का?

उत्तर : स्वतःच्या मनाने नको. वॉरफरिनचं कामच मुळी के जीवनसत्त्व अडवण्याचं. तुम्ही एका हाताने अडवणार आणि दुसऱ्या हाताने भरणार. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, बिघडेल. जपानमध्ये के-2 औषध म्हणून देतात हे खरं, पण तो एमके-4 हा प्रकार, रोज 45 मिलिग्रॅम. बाटल्यांत सहसा मिळतो एमके-7, तोही मायक्रोग्रॅममध्ये.

प्रश्न : वय 70, पुरुष. 1250 मिलिग्रॅमच्या कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज सकाळी एकदम घेतो. पित्ताची गोळी कायमची आहे. "प्रवाळ कॅल्शियम" जास्त चांगलं का?

उत्तर : डबा उलटा करा आणि बारीक अक्षरं वाचा. 1250 हा कॅल्शियम कार्बोनेटचा आकडा असणार. त्यात खरं कॅल्शियम 40 टक्के, म्हणजे गोळीमागे 500. पोटातून एका वेळी साधारण तेवढंच नीट शोषलं जातं, तेव्हा दोन एकदम घेण्यात अर्थ नाही. कार्बोनेटला आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं. तुमची पित्ताची गोळी तेच आम्ल कमी करते, त्यामुळे कॅल्शियम सायट्रेट तुम्हाला जास्त सोयीचं. त्यात खरं कॅल्शियम 21 टक्केच, गोळ्या मोठ्या, पण पोट रिकामं असलं तरी चालतं आणि बद्धकोष्ठाचा त्रासही कमी.

त्याआधी खाण्यातून किती जातं त्याची बेरीज करा. दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम हे खाणं आणि गोळी मिळून आहे. खाण्यातून 700 जात असतील तर एक गोळी पुरे. जास्तीचं हाडात साठत नाही. 36 हजारांवर स्त्रियांच्या एका अमेरिकी चाचणीत कॅल्शियम-डी घेणाऱ्यांना मुतखडे 17 टक्के जास्त झाले. थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये 4 तास जाऊ द्या.

प्रवाळ कॅल्शियम? कार्बोनेटच, समुद्रातून आलेलं.

प्रश्न : डी जीवनसत्त्व रोज घ्यायला विसरते. वर्षातून एकदाच मोठा डोस घेतला तर?

उत्तर : हे करून झालं आहे. 70 वर्षांवरच्या स्त्रियांना वर्षाला एकदा 5 लाख युनिट दिले. 2010 मध्ये निकाल आला: घेणाऱ्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. रोजचे 800 युनिट बहुतेकांना पुरतात. ज्यांना डीची उणीव नाही, त्यांना वर आणखी देऊनही फ्रॅक्चर कमी होत नाहीत. विसरत असाल तर दात घासायच्या ब्रशशेजारी बाटली ठेवा.

प्रश्न : हाडांची झीज दाबणाऱ्या, सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबची दोन इंजेक्शनं झाली. तिसऱ्याची तारीख उलटून दीड महिना झाला. इंजेक्शनाऐवजी आता कॅल्शियम, के-2 आणि कोलॅजेनवर राहायचं म्हणते.

उत्तर : तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं, इथे छापतो ते इतरांसाठी. ॲलेंड्रोनेटसारखी औषधं थांबवली तरी हाडात काही काळ उरतात, हे उरत नाही. सहा महिने संपले की दाबून ठेवलेली झीज एकदम उसळते, आणि काहींचे दोन-तीन मणके एकामागोमाग मोडतात. ती झीज कुठलंही पूरक अडवू शकत नाही. इंजेक्शन नकोच असेल तर त्यामागोमाग दुसरं औषध सुरू करून बाहेर पडता येतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. कॅल्शियम आणि डी मात्र सोडू नका. या इंजेक्शनाने रक्तातलं कॅल्शियम घसरू शकतं. कोलॅजेन घ्यायचं तर घ्या, पण आधी फोन उचला आणि या आठवड्यातली वेळ मागा.