ग्लेन सीबॉर्ग यांच्या डायऱ्या आणि कागदपत्रे आज वाचून काय मिळते? छापलेले शोधनिबंध पुरेसे नाहीत का?

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. प्लुटोनियमच्या शोधातले अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सीबॉर्ग यांची कागदपत्रे कुठे आहेत आणि वाचायला सुरुवात कुठून करावी, हा पहिला. शोधनिबंध छापून आलेले असताना वह्या आणि डायऱ्या चाळण्याची गरज काय, हा दुसरा. आणि एवढे करून सामान्य माणसाला काय, हा तिसरा. यातला दुसरा भाग मी १९९६ च्या मे महिन्यात आमच्या विभागाच्या व्हरांड्यात जवळजवळ याच शब्दांत ऐकला होता आणि त्या दिवशी मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. म्हणून आधी त्याकडेच वळते.

मी किरणोत्सारी रसायनशास्त्र शिकवत असे. ज्यांच्या हाताखाली मी पीएचडी केली ते सर आदल्या हिवाळ्यात वारले होते. थोरियम आणि युरेनियम ट्रायब्युटाइल फॉस्फेट या द्रावकाने, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या टीबीपीने, एकमेकांपासून वेगळे करण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. त्या तीस वर्षांच्या त्रेचाळीस प्रयोगवह्या लाल रेक्झिनच्या बांधणीत त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होत्या. विभागात संगणक येणार होते, त्यासाठी ती खोली हवी होती. मी परीक्षेच्या कामावरून परतले तेव्हा रद्दीवाल्याचा ताणकाटा व्हरांड्यात टांगलेला होता आणि वह्यांचे गठ्ठे सुतळीने बांधून झाले होते. मी अडवू लागले तेव्हा मला ज्येष्ठ असलेले एक सहकारी म्हणाले, ‘अहो, सरांचे सगळे पेपर छापून आलेले आहेत. वह्यांचे काय लोणचे घालायचे?’ मी वाद घातला, पण माझ्याजवळ मुद्दा नव्हता, फक्त हळहळ होती. शेवटच्या गठ्ठ्यातल्या सहा वह्या मी वजनाचे पैसे देऊन घरी नेल्या. सदतीस गेल्या.

मुद्दा मिळायला नऊ वर्षे लागली. २००५ मध्ये माझा एक विद्यार्थी सरांच्याच जुन्या निबंधातले प्रयोग पुन्हा करत होता आणि त्याचे आकडे काही केल्या जुळत नव्हते. आम्लता कमी असताना थोरियम वरच्या, म्हणजे केरोसिन आणि टीबीपीच्या थरात सरांच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त जाई. शिवाय एकदा वर गेलेले थोरियम पाण्याने धुऊन खाली उतरत नसे. निबंधात कृती दिलेली होती आणि तो ती तंतोतंत पाळत होता. चार महिने असे गेल्यावर त्याच सहकाऱ्यांनी त्याला सल्ला दिला की, सरांचे आकडे संशयास्पद आहेत असे प्रबंधात लिहून मोकळा हो. त्या रात्री मी माळ्यावरून सहा वह्या काढल्या. चौथ्या वहीत, १९६८ च्या एका पानावर, समासात पेन्सिलने एक ओळ होती: ‘टीबीपी ५% सोड्याने दोनदा, पाण्याने तीनदा धुतले.’ निबंधात फक्त ‘टीबीपी’ एवढाच शब्द होता.

या विषयातल्या माणसाला पुढचे सांगावे लागणार नाही. बाटलीत पडून राहिलेल्या टीबीपीत डायब्युटाइल फॉस्फेट तयार होते, ते थोरियमला घट्ट धरून बसते आणि सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे सोड्याच्या, द्रावणाने धुतले की निघून जाते. सरांना हे इतके सवयीचे होते की निबंधात ते लिहावे असे त्यांना वाटलेच नसावे. विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी टीबीपी धुऊन घेतले आणि त्याच आठवड्यात आकडे जुळले. सरांच्या नावावर प्रबंधात कायमचा लागणारा डाग समासातल्या एका ओळीने टळला. ती वही सदतिसांत गेली असती तर तो टळला नसता, आणि त्या सदतिसांत असे आणखी काय होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

सीबॉर्ग यांची कागदपत्रे मी एवढ्या आस्थेने का वाचली, हे आता आपल्या लक्षात येईल. विसाव्या शतकातल्या अणुरसायनशास्त्रज्ञांत कागद जपण्याच्या बाबतीत त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस मला माहीत नाही. मिशिगनमधल्या इशपेमिंग गावी १९१२ मध्ये स्वीडिश वंशाच्या कुटुंबात जन्मलेला हा मुलगा शाळेत असतानाच डायरी लिहू लागला आणि लिहीतच राहिला. बर्कलीतले संशोधन, शिकागोतली युद्धकाळातली प्रयोगशाळा, १९५१ चे एडविन मॅकमिलन यांच्याबरोबरचे नोबेल, बर्कली विद्यापीठाचे चान्सेलरपद आणि १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद, या सगळ्या काळाची कागदपत्रे मागे राहिली. त्यांचा मोठा संग्रह आज वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हस्तलिखित विभागात आहे. तिथे जाणे जमणार नसले तरी अडत नाही. अध्यक्षपदाच्या काळातली डायरी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९८९ मध्ये अनेक खंडांत काढली, आणि १९३९ ते १९४६ या काळातल्या नोंदी ‘द प्लुटोनियम स्टोरी’ या नावाने १९९४ मध्ये पुस्तकरूपाने आल्या.

निबंध पुरेसे का नाहीत, याचे उत्तर त्यांच्याच बाबतीत बघा. मूलद्रव्य ९४ ची, म्हणजे प्लुटोनियमची, पहिली माहिती ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे जानेवारी १९४१ मध्ये गेली, पण युद्धामुळे ती रोखून धरली गेली आणि छापून आली ती १९४६ मध्ये. मधली पाच वर्षे या विषयाचा खरा इतिहास वह्या, टिपणे आणि गोपनीय अहवाल यांतच होता. २३ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री बर्कलीच्या गिलमन हॉलमधल्या ३०७ क्रमांकाच्या खोलीत आर्थर वाल यांनी केलेला प्रयोग हा रसायनशास्त्राचा निर्भेळ विजय होता. युरेनियमवर ड्युटेरॉनचा, म्हणजे जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा, मारा केल्यावर एक अल्फा कण सोडणारा पदार्थ मिळत होता आणि तो थोरियमपासून काही केल्या वेगळा होईना. वाल यांनी चांदीच्या आयनांच्या मदतीने परसल्फेटकरवी त्याचे जोरकस ऑक्सिडीकरण केले. थोरियम फ्लोराइडच्या अवक्षेपाबरोबर, म्हणजे तळाशी बसणाऱ्या गाळाबरोबर, खाली गेले, अल्फा देणारा पदार्थ द्रावणात वरच राहिला, आणि तो कोणत्याही जुन्या मूलद्रव्यासारखा नाही हे पहाटेपर्यंत सिद्ध झाले. पाठ्यपुस्तकात याचे एक वाक्य होते. त्या वाक्यामागे किती फसलेले अवक्षेप होते ते पाठ्यपुस्तक सांगत नाही, आणि प्रयोगशाळेत उभे राहणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, नाहीतर गोंधळ होईल. गोपनीयतेपायी प्लुटोनियमला त्या काळी ‘कॉपर’ म्हणत. पुढे प्रक्रियेत खरोखरच्या तांब्याची गरज पडली तेव्हा त्याला ‘देवाशपथ खरे तांबे’ अशा अर्थाचे नाव द्यावे लागले. तसेच ‘४९’ हा आकडा दिसला तर तो मूलद्रव्य ९४ मधला शेवटचा ४ आणि २३९ मधला शेवटचा ९ असा वाचायचा, म्हणजे प्लुटोनियम-२३९. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘कॉपर’चा शब्दशः अर्थ घेऊन दोन पाने टिपणे काढली होती.

अध्यक्षपदाच्या काळातल्या डायरीची कथा वेगळी आहे. १९७१ मध्ये पद सोडताना सीबॉर्ग यांनी ती डायरी रीतसर तपासून गोपनीयतेतून मोकळी करून घेतली होती. १९८३ मध्ये ऊर्जा खात्याने इतिहासलेखनासाठी प्रत मागितली, त्यांनी विश्वासाने दिली, आणि त्यानंतर त्यात गोपनीय मजकूर आहे असे सांगत नव्याने तपासण्या सुरू झाल्या. शेवटी छापली गेली ती काटछाट झालेली प्रत. हॅलोविनच्या संध्याकाळी आपल्या मुलांबरोबर दारोदार फिरल्याची नोंदही काटणाऱ्यांच्या हातून सुटली नव्हती. ज्या माणसाने दहा वर्षे त्या देशाची अणुगुपिते सांभाळली, त्याच्याच घरगुती नोंदींवर गोपनीयतेचा शिक्का बसला. सीबॉर्ग यांनी १९९४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याबद्दल जाहीरपणे लिहिले आणि माझ्या मते ते पूर्णपणे बरोबर होते. रद्दीवाला असो वा सरकारी कात्री, कागद एकदा गेला की पुढच्या माणसाचा पुरावा जातो.

पुराव्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगते. प्लुटोनियम शरीरात गेल्यास काय होते याचा अभ्यास तातडीने व्हावा, असे सीबॉर्ग यांनी जानेवारी १९४४ मध्येच लिहून कळवले होते. पुढे १९४५ ते १९४७ दरम्यान अमेरिकेत अठरा रुग्णांना प्लुटोनियमची इंजेक्शने दिली गेली, आणि त्यांना धड कल्पना न देता दिली गेली. हा संपूर्ण प्रकार दशकांनंतर लोकांसमोर आला, १९९० च्या दशकात सरकारी समितीने त्याची चौकशी केली, आणि तीही जुने कागद उरले होते म्हणूनच करता आली. छापील निबंधांवर विसंबून त्या अठरा जणांना न्याय मिळाला नसता.

आता काही इशारे, जे खरे तर मी आधीच द्यायला हवे होते. सीबॉर्ग डायरीत मन मोकळे करणारे गृहस्थ नव्हेत. कोण भेटले, काय ठरले, कोणाचा फोन आला, अशा नोंदी पानेच्या पाने चालतात आणि ते वाचायला चिकाटी लागते. दुसरे म्हणजे शिकागोच्या काळातल्या नोंदी जशाच्या तशा रोजच्या रोज लिहिलेल्या नाहीत. त्या काळातली टिपणे, पत्रे आणि अहवाल यांवरून त्यांनी पुष्कळ नंतर त्या दिवसवार जुळवल्या, त्यामुळे त्यांना प्रयोगवहीचा दर्जा देऊ नका. तिसरे, ते स्वतःच्याच इतिहासातले एक पक्षकार आहेत. जपानवर पूर्वसूचनेविना बॉम्ब टाकू नये असे सांगणाऱ्या १९४५ च्या फ्रँक अहवालावर त्यांची सही आहे आणि पुढे त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात अमेरिकेने अनेक अणुचाचण्या केल्या. या दोन टोकांचा मेळ ते स्वतः कसा घालतात ते वाचा, पण त्यांच्यावरच विसंबू नका. १९६३ चा मर्यादित चाचणीबंदी करार आणि त्याच वर्षीचा तारापूरच्या अणुभट्ट्यांसंबंधीचा भारत-अमेरिका करार, दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतले असल्याने मराठी वाचकाने ते वर्ष तरी सोडू नये.

‘एवढे करून सामान्य माणसाला काय?’ असेही आपण विचारले आहे. १९३८ मध्ये जॉन लिव्हिंगूड यांच्याबरोबर सीबॉर्ग यांनी आयोडीन-१३१ शोधले. त्याच समस्थानिकाने पुढे त्यांच्या स्वतःच्या आईवर उपचार झाले. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइडच्या रुग्णांना आजही तेच देतात. माझ्या धाकट्या जावेला तिथेच दिले गेले. आठ दिवसांचे अर्धायुष्य असलेला तो पदार्थ तिच्या घशाखाली गेला तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते.

व्हरांड्यातले ते सहकारी हे वाचतील की नाही, मला माहीत नाही. वाचले तर त्यांना एवढेच सांगायचे आहे की, छापलेला निबंध म्हणजे काय घडले त्याचा निष्कर्ष. ते कसे घडले हे वहीत असते, आणि दुसऱ्याला तोच प्रयोग करायचा असेल तर त्याला ‘कसे’ लागते. आपण स्वतः कुठल्या महाविद्यालयात असाल तर सीबॉर्ग हातात घेण्याआधी आपल्याच विभागातली जुनी कपाटे उघडून बघा. वह्यांची यादी करा, प्रत्येकीवर वर्ष आणि नाव लिहून ठेवा, समासातले काहीही खोडू नका, आणि खोली रिकामी करायचा हुकूम निघाला तर तो अमलात येण्यापूर्वी ग्रंथपालांना लेखी कळवा. मी तोंडी वाद घातला, ते माझे चुकले.

सीबॉर्ग मात्र १९ एप्रिल १९४२ पासून सुरू करा. त्या दिवशी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, ते शिकागोला पोहोचले. तेव्हा जगातल्या कोणीही प्लुटोनियम डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. २० ऑगस्टला त्याचे संयुग पहिल्यांदा दिसण्याइतके मिळाले आणि १० सप्टेंबरला जोन्स प्रयोगशाळेच्या ४०५ क्रमांकाच्या खोलीत बरिस कनिंगहॅम आणि लुई वर्नर यांनी क्वार्ट्‌झच्या तंतूच्या तराजूवर ते पहिल्यांदा तोलले. भरले २.७७ मायक्रोग्रॅम ऑक्साइड. तिथपर्यंतची पाने सलग वाचा, कंटाळा आला तरी मधली वगळू नका.