नमुना फोर पीस, माल टू पीस आणि न पाठवलेलं एक पत्र

दारव्हा तालुक्यातल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानदाराचा प्रश्न आहे. दिवाळीआधी ठोक व्यापाऱ्याचा माणूस नव्या ब्रँडचे दोन लेदर बॉल नमुना म्हणून देऊन गेला. यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सँपलसारखेच 40 डझन पाठवा’ अशी ऑर्डर दिली. तिकडून उत्तर आलं, ‘हो भाऊ, सेम माल.’ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोकी आली आणि मंडळांच्या स्पर्धा सुरू झाल्यावर, म्हणजे डिसेंबर संपता संपता, उघडली गेली. नऊ डझन विकले. मग पोट्टे बॉल परत घेऊन आले: दहाव्या ओव्हरला चपटा, शिवण सुटलेली. नमुना फोर पीस, म्हणजे चामड्याच्या चार तुकड्यांचा होता; आलेला माल टू पीस, दोनच तुकड्यांचा. व्यापाऱ्याला फोन झाले, लेखी काहीच गेलं नाही. आता फेब्रुवारीत उलट व्यापाऱ्याच्याच वकिलाची नोटीस आली आहे. बाकी राहिलेले 63,600 रुपये व्याजासह पंधरा दिवसांत भरा, आणि ‘दाखवलेला बॉल कंपनीचा ट्रायल पीस होता, बाजारात येणाऱ्या मालात थोडा फरक पडतोच.’

फवारणी पंप, पेरणी यंत्र, शाळेच्या गणवेशाचं कापड, प्रत्येक सिझनला हाच प्रश्न वेगळ्या मालाच्या नावाने येतो. तुमच्यावर अन्याय झाला का, यावर मी शब्द खर्च करत नाही. खोकी आल्यापासून नोटीस येईपर्यंतच्या अडीच-तीन महिन्यांत ‘हा माल नमुन्याप्रमाणे नाही, मी तो नाकारतो’ एवढं एक वाक्य तुम्ही लेखी कळवलं नाही. सगळं प्रकरण तिथे अडलं आहे.

माल विक्री अधिनियम, 1930 चं कलम 42 वाचा. खरेदीदाराने माल ‘स्वीकारला’ असं तीन प्रकारे धरतात. त्याने तसं कळवलं तर. माल हातात आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी न जुळणारं काही केलं तर. किंवा वाजवी मुदत उलटूनही नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला तर. तुम्ही दुसरं आणि तिसरं दोन्ही केलंत. नऊ डझन गिऱ्हाइकांना विकले, बाकीचे ठेवून घेतले. एकदा स्वीकार झाला की कलम 13(2) म्हणतं, अटीचा भंग आता फक्त हमीचा भंग मानायचा. म्हणजे माल परत करून सगळे पैसे मागण्याचा हक्क गेला, नुकसानभरपाई तेवढी उरली. ‘निदान उरलेले एकतीस डझन तरी परत करू द्या’ असं तुम्ही विचारता. करार सुटासुटा करता येत नसेल तर थोड्या मालाचा स्वीकारही याच कलमाखाली येतो. एक ऑर्डर, एक बिल असताना तुमचं म्हणणं टिकणं कठीण दिसतं. तुमच्या वकिलांनी ते मांडून पाहायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

तुम्ही लिहिता, ‘परत पाठवायचं भाडं कोण देणार म्हणून थांबलो.’ नेमका इथेच घात झाला. कलम 43 प्रमाणे नाकारलेला माल परत पोचवणं ही खरेदीदाराची जबाबदारीच नाही; वेगळं ठरलं नसेल तर नाकारतो एवढं कळवलं की पुरे. ट्रान्सपोर्ट, बिल्टी, भाडं काही लागत नव्हतं. पोस्टाची पोचपावती नाहीतर ऑर्डर दिली त्याच नंबरावर दोन ओळी, एवढ्यावर काम होतं. ज्या खर्चाच्या भीतीने तुम्ही थांबलात, तो खर्च कायद्याने तुमचा नव्हताच.

‘खोकी उघडायला वेळ नव्हता’ हेही ऐकून घेतलं जाणार नाही. कलम 41 तपासणीची वाजवी संधी देतं. पण संधी मिळाली म्हणजे झालं, तुम्ही ती वापरली नाही हा विक्रेत्याचा दोष होत नाही. खोकी दुकानातच होती. फोर पीस आणि टू पीस बॉल ओळखायला बॉल कापावाही लागत नाही. फोर पीसच्या प्रत्येक अर्ध्या भागात चामड्याचे दोन तुकडे आतून शिवलेले असतात, त्यांच्या जोडाची बारीक रेघ मुख्य शिवणीला आडवी दिसते. टू पीसचा अर्धा भाग एकसंध, रेघ नाही. उजेडात धरून बोट फिरवलं असतं तर बिल्टीवर सही करतानाच कळलं असतं.

आता हातात काय आहे ते. कलम 59 प्रमाणे हमीचा भंग झाला असेल तर ते नुकसान तुम्ही किमतीतूनच वजा करून मागू शकता, वेगळा दावा लावण्याची गरज नाही. तुमच्या बिलावर दर 320 रुपये नग, 480 नग, एकूण 1,53,600. त्यातले 90,000 दिलेत. तशाच टू पीस बॉलचा ठोक भाव त्याच सुमारास 190 होता हे दुसऱ्या दोन दुकानांच्या पक्क्या बिलांवरून दाखवता आलं, तर नगामागे 130 रुपयांचा फरक, 480 नगांवर 62,400. मागणी आहे 63,600 ची. म्हणजे वाद जवळजवळ बाराशे रुपयांवर येतो. स्पर्धेची बदनामी, गिऱ्हाईक तुटलं, मनस्ताप, हे सगळं वर घालून आकडा फुगवू नका. सिद्ध करता येत नाही, आणि खऱ्या आकड्यावरचा विश्वासही त्याने जातो. गिऱ्हाइकांना परत दिलेले पैसे मात्र पावतीनिशी मांडा.

हे सगळं पुराव्यावर उभं राहील, आणि इथे तुमचा दुसरा निष्काळजीपणा आड येतो. दोन नमुन्यांपैकी एक तुम्ही पोट्ट्यांना सरावाला दिलात. दुसरा शोकेसमध्ये आहे, पण त्यावर ना सही, ना तारीख, ना व्यापाऱ्याच्या माणसाची खूण. उद्या तो उभा राहून म्हणेल, ‘हा बॉल माझा नाहीच.’ नमुना घेताना त्यावर दोघांच्या सह्या, कापडी पिशवी, लाखेचं सील आणि एक प्रत दुसऱ्याकडे, एवढं करायला दहा मिनिटं लागतात.

तरी तुम्ही पूर्ण उघडे पडलेले नाही, कारण व्यापाऱ्याने बिलावर स्वतःच छापलंय: ‘लेदर बॉल 4 पीस’. कलम 15 सांगतं, विक्री नमुन्याने आणि वर्णनानेही झाली असेल तर माल नुसता नमुन्याशी जुळून चालत नाही, वर्णनाशीही जुळायला हवा. म्हणून नमुना कोणाचा या वादात पेशीमागून पेशी घालवू नका. बिलावरचा ‘4 पीस’ हा शब्द धरा. तो नाकारायला व्यापाऱ्याला स्वतःचंच बिल खोटं म्हणावं लागेल.

‘ट्रायल पीस’ची सबबही याच जागी तपासायची. वस्तू बाजारात येण्याआधीचा नमुना आणि दुकानातला माल वेगळा असू शकतो, हे खरं आहे. गोल्फचा टायटलिस्ट प्रो व्ही 1 हा चेंडू ऑक्टोबर 2000 मध्ये आधी व्यावसायिक खेळाडूंच्या हातात गेला आणि डिसेंबरमध्ये दुकानात आला. पण त्या खेळात प्रत्येक चेंडूची ओळख पक्की असते: वजन 45.93 ग्रॅमच्या वर नको, व्यास 42.67 मिलिमीटरच्या खाली नको, आणि नियामक संस्थांच्या मान्य चेंडूंच्या यादीत चेंडू त्यावर छापलेल्या खुणांनिशी नोंदवलेला असतो. कोणता नमुन्याचा आणि कोणता विक्रीचा, हे खुणेवरून सांगता येतं. तुमच्या व्यापाऱ्याने ऑर्डर घेताना ‘हा ट्रायल पीस आहे, माल वेगळा येईल’ असं कुठे लिहिलं? उलट ‘सेम माल’ लिहिलं. नुसता नमुना दाखवला म्हणजे आपोआप नमुन्याने विक्री होत नाही, कलम 17 ला तशी अट करारात लागते, स्पष्ट किंवा गर्भित. तुमच्याकडे ती त्या दोन मेसेजमध्ये आहे. तो फोन विकू नका, रिसेट करू नका, चॅट पुसू नका. न्यायालयात स्क्रीनशॉटची नुसती प्रिंट चालत नाही; भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा भाग ‘अ’ तुम्ही भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदलली नाही हे दाखवणारा, तिच्या ठशासारखा आकडा).

मालाची तपासणी या आठवड्यातच करा. न उघडलेल्या खोक्यांपैकी एक, दोन बाहेरच्या साक्षीदारांसमोर उघडा, उघडताना सलग व्हिडिओ घ्या. त्यातले बारा बॉल आणि शोकेसमधला नमुना एकाच दिवशी, एकाच काट्यावर मोजा. चामडं ओल धरतं, दोन वेगळ्या दिवशी मोजलेल्या वजनांची तुलना समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल. सोनाराचा काटा चांगला, वैधमापन विभागाचा शिक्का चालू मुदतीतला आहे का ते पाहून घ्या आणि त्याच्याकडून वजनाची सही केलेली चिठ्ठी घ्या. क्रिकेटच्या नियमांतल्या नियम 4 प्रमाणे पुरुषांच्या खेळातला नवा बॉल 155.9 ते 163 ग्रॅम आणि परीघ 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. तुम्ही लिहिता की नमुना 159 भरला आणि मालातले 148 ते 151. हा फरक डोळ्यात भरणारा आहे, पण बिलावर वजन लिहिलेलं नाही, तेव्हा त्याला आधाराचा पुरावा समजा, मुख्य नाही. परीघ कागदाच्या पट्टीने दोनदा घ्या, एकदा शिवणीवरून आणि एकदा तिला आडवा.

मालातला एक बॉल करवतीने मधोमध कापा. चांगल्या बॉलमध्ये कॉर्कभोवती लोकरी दोऱ्याचे थर गुंडाळलेले दिसतात. स्वस्त बॉलमध्ये बऱ्याचदा कॉर्क-रबराचा एकच साच्यातला गोळा निघतो, आणि म्हणूनच तो एका बाजूने बसतो. नमुन्याचा बॉल मात्र अजिबात कापू नका. तो सीलबंद ठेवा. प्रकरण न्यायालयात गेलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 10-अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी कमिशनर मागता येतो आणि तेव्हा तो अख्खा लागेल. कमिशनर नेमायच्या अर्जावरच किती पेश्या पडतील हे सांगणं अवघड आहे. निर्णयाला वर्षं लागलेल्या छोट्या दाव्यांची आपल्याकडे वानवा नाही. म्हणून तडजोडीची तयारी ठेवा आणि क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा व्यापाऱ्याचा कागद, मागा.

नोटिशीचं उत्तर मुदतीत आणि वकिलामार्फतच द्या. त्यात तीनच गोष्टी हव्यात: ऑर्डरचे मेसेज आणि बिलावरचं ‘4 पीस’ हे वर्णन, आलेला माल टू पीस असल्याची तपासणी, तारखेसह, आणि कलम 59 प्रमाणे 62,400 ची वजावट. ‘माल परत न्या’ हे पर्यायी मागणी म्हणून लिहिता येईल, मुख्य मागणी ती नको. समन्स आलं तर आधी पाहा, दावा त्याच संहितेच्या आदेश 37 खालचा, म्हणजे झटपट निकालाचा संक्षिप्त दावा आहे का. असेल तर हजेरी नोंदवायला फक्त दहा दिवस मिळतात. साध्या दाव्यात लेखी जबाबाला तीस दिवस. दहाला तीस समजून गप्प राहिलात तर चांगला बचाव असूनही हुकूमनामा होईल.

ग्राहक आयोगाचा विचार सोडा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ग्राहकच नाही. ‘स्वयंरोजगारासाठी घेतलं’ ही सवलत व्यापारी कारणासाठी वापरलेल्या वस्तूला आहे, पुन्हा विकलेल्या मालाला नाही. तुमच्याकडून बॉल घेतलेली मंडळं मात्र ग्राहक ठरू शकतात, आणि त्यांची तक्रार तुमच्याविरुद्धच येईल. दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तेव्हा त्यांच्याकडून लेखी तक्रार घ्या, पैसे परत करा, पावती घ्या. उरलेले एकतीस डझन ‘टू पीस, सरावासाठी’ असं स्पष्ट लिहूनच विका, तपासणीसाठी दोन सीलबंद खोकी बाजूला ठेवून. माहीत असूनही फोर पीस म्हणून विकलेत तर व्यापाऱ्यात आणि तुमच्यात फरक राहणार नाही.

बिलाखालच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला मी फार किंमत देत नाही, कारण सौदा ठरल्यावर आलेल्या कागदावरची ती एकतर्फी ओळ आहे. तरी कलम 62 प्रमाणे आधीच्या व्यवहारांच्या प्रथेनेही अटी बदलता येतात, म्हणून जुनी बिलं काढून पाहा. माल थेट कारखान्याकडून घेणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर 2006 च्या कायद्याने पंधरा दिवसांत लेखी हरकत नसली की माल आल्याच्या दिवशीच स्वीकारल्याचं धरलं जातं, आणि थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: बाकी रकमेपोटी पुढच्या तारखेचा चेक दिलाय का? दिला असेल तर नोटिशीआधी त्याचं पाहा. चेक न वटल्यावर येणारी नोटीस वेगळी असते. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 138 चं फौजदारी प्रकरण होतं, आणि ‘स्टॉप पेमेंट’ केलं म्हणून ते टळेलच असं नाही. चेकबुकची काउंटरफॉइल घेऊन उद्याच वकिलाकडे जा.