पात्राचा लोकांसमोरचा चेहरा खोटा आणि आतला तेवढा खरा, असे मानावे का?

तुम्ही विचारले आहे की, कथा-कादंबरी किंवा नाटकातील पात्र चारचौघांत जसे वागते ते निव्वळ सोंग समजावे आणि एकांतात ते जसे असते तेच त्याचे खरे रूप मानावे का. माझे उत्तर नकारार्थी आहे. चांगल्या लेखकाच्या हाती सोंगसुद्धा त्या पात्राच्या स्वभावातूनच निघते आणि ते त्याला झाकण्याऐवजी पुष्कळदा उघडे पाडते.

यासाठी महाभारतातील विराटपर्व पुन्हा वाचावे. आमच्या परभणी-बीडकडच्या हरिनाम सप्ताहांत या पर्वातला कीचकवध कीर्तनकार मोठ्या रंगतीने सांगतात, परंतु तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाची जागा त्यानंतर येते. अज्ञातवासात युधिष्ठिर कंक या नावाने विराटाच्या पदरी फासे खेळणारा सभासद होऊन राहतो. ज्या द्यूतापायी राज्य गेले आणि भाऊ व पत्नी पणाला लागली, तेच द्यूत धर्मराजाने वेषांतरासाठी आपणहून निवडावे, ही व्यासांची योजना मला फार बोलकी वाटते. बारा वर्षांच्या वनवासातही न सुटलेली आवड सोंगाच्या आडोशाने राजरोस दरबारात येऊन बसली. पुढे कौरवांचा पराभव करून राजपुत्र उत्तर परत येत असल्याची वार्ता येते, विराट मुलाचे गोडवे गात फासे मांडतो आणि कंक मात्र पुन्हा पुन्हा हेच म्हणतो की, बृहन्नडा, म्हणजे वेषांतरातला अर्जुन, सारथी असल्यावर विजय होणारच. चिडलेला राजा हातातला फासा त्याच्या तोंडावर मारतो. नाकातून आलेले रक्त जमिनीवर पडू नये म्हणून युधिष्ठिर ते ओंजळीत धरतो आणि सैरंध्री झालेली द्रौपदी त्याच्या मनातले ओळखून पाण्याचे पात्र पुढे करते. तेवढ्यात दारात आलेल्या दोघांपैकी एकट्या उत्तराला आत सोड, बृहन्नडेला नको, असे तो द्वारपालाच्या कानात सांगतो, कारण हे रक्त अर्जुनाने पाहिले असते तर विराट जिवंत राहिला नसता. आश्रिताची भूमिका निभावायची असूनही त्याला खरे बोलल्यावाचून राहवत नाही, आणि मार खाऊनही मारणाऱ्याचाच जीव वाचवावासा वाटतो. यातला कंक कोणता आणि धर्मराज कोणता, हे कुणी वेगळे करून दाखवावे!

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातही हेच उलट्या अंगाने घडते. अभिरूप न्यायालयाचा खेळ म्हणून बेणारेबाईंवर खोटा आरोप ठेवला जातो आणि अशिलांवाचून बसलेल्या सुखात्मे वकिलाला त्या लुटुपुटीच्या वकिलीत असा काही चेव येतो की, बाहेरच्या सभ्यपणात दडलेली त्यांची सारी जळफळ खेळाच्या परवानगीने बाहेर पडते.

मराठवाड्यातले उदाहरण हवे असेल तर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) वाचावी. गंगाराम शिंप्याची ही कहाणी त्याची बायको आपल्या भागातल्या बोलीत सांगते, आणि कादंबरीचे बळ मला या निवडीत दिसते. खेड्यात पत ही पारावर आणि दुकानाच्या ओट्यावर ठरते. तिथे गड्याने दाखवलेला ताठा गावाला एका बाजूने दिसतो आणि त्याचे मोल चुलीपाशी बसून चुकवणारीला दुसऱ्या बाजूने. तिला दिसतो तोच खरा गंगाराम, असेही मी म्हणणार नाही. गावापुढे मान खाली घालायची नाही हा त्याचा हट्ट दिखाऊ असता, तर त्याने घरादाराची इतकी परवड होऊच दिली नसती. त्यामुळे ‘खरा कोणता’ असे विचारण्याआधी हे पात्र आपल्याला कोणाच्या नजरेने दिसते आहे, एवढे मी प्रत्येक कादंबरीत तपासून पाहतो.

माझे हे म्हणणे आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधील लखोबा लोखंडेला लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रभाकर पणशीकरांनी गाजवलेला हा निपाणीचा तंबाखूवाला एकामागून एक नावे आणि वेष बदलून माणसांना फसवतो आणि भर कोर्टात स्वतःची बाजू स्वतःच लढवत समोरच्या साक्षीदारांना बिनदिक्कत उलट प्रश्न विचारतो. त्याच्या सोंगांमागे कोण आहे याचा पत्ता मला तरी अजून लागलेला नाही, आणि अत्र्यांनाही तो लावायचा होता असे नाटक वाचून वाटत नाही.