देव स्वतः का येतो?

पोरी,

तुझा मेसेज वाचला. देव सर्वशक्तिमान आहे तर त्याला अवतार घेऊन खाली यायची गरजच काय, हिरण्यकशिपू बसल्या जागी नुसत्या इच्छेने मारता आला नसता का, हे तू विचारलंस ते फार आवडलं मला. असं विचारू नये म्हणून कोणी गप्प केलं असेल तर मनावर घेऊ नकोस.

आधी एक, मासा कासव वराह म्हणजे उत्क्रांती हे जे फॉरवर्ड फिरतं त्यात अडकू नकोस. आणि अवतार दहाच असंही काही नाही, भागवताच्या पहिल्या स्कंधात 22 सांगितलेत आणि लगेच पुढे म्हटलंय की ते मोजता येणार नाहीत इतके आहेत. आपल्याकडच्या काही जुन्या दशावतारात तर नवव्या जागी विठोबा असतो, हातात शस्त्र नाही, कोणाला मारायला आलेला नाही, पुंडलिकासाठी आला आणि थांबला. मारणं हेच अवताराचं मुख्य काम असतं तर त्याला तिथे कोणी उभंच केलं नसतं ना.

आता तुमच्या कुलदैवताचीच गोष्ट घे. नीरा आणि भीमा मिळतात तिथे नरसिंहपूरला तू लहानपणापासून जातेस. भागवताच्या सातव्या स्कंधात नरसिंह खांबातून का आला याचं कारण स्पष्ट दिलंय, आपल्या सेवकाचं बोलणं खरं करायला. देव सगळीकडे आहे असं एक पोर म्हणालं, बापाने विचारलं मग या खांबात का दिसत नाही, आणि देव त्या पोराच्या शब्दाखातर त्याच खांबातून बाहेर आला. इच्छेने दैत्य मेला असता गं, पण प्रल्हादाचा शब्द तसाच लोंबकळत राहिला असता.

पुढचं तर लोक सांगतच नाहीत. त्या रूपाजवळ जायची कोणाची हिंमत होईना, लक्ष्मीसुद्धा पुढे जाईना, शेवटी ब्रह्मदेवाने प्रल्हादाला पाठवलं आणि तो सरळ जाऊन पाया पडला. देव म्हणाला वर माग, तर हा म्हणतो मालकाकडून काही मिळावं म्हणून जो सेवा करतो तो सेवक नाही, व्यापारी आहे. आणि या दीन लोकांना मागे टाकून मला एकट्याला मोक्ष नको असंही म्हणतो. शेवटी मागितलं काय तर बापाची सुटका, ज्याने छळलं त्या बापाची! मला विचारशील तर अवताराचं खरं महत्त्व इथे कळतं, देव समोर आला की माणूस काय मागतो यात.

ज्ञानोबांनी 1290 साली नेवाशात गीतेच्या चौथ्या अध्यायावर लिहिताना दैत्यांचा नाश सांगितलाच, पण त्याच्या जोडीला देवाच्या तोंडी घातलं की मी अविवेकाची काजळी काढून विवेकाचा दिवा लावतो आणि मग योग्यांची कायमची दिवाळी होते. दैत्य काय एकदाच मरतो, ही काजळी रोज धरते, म्हणून ही गोष्ट जुनी होत नाही.

वैशाख शुद्ध चतुर्दशीला नरसिंह जयंतीला संध्याकाळी घरी असशीलच, त्याआधी सातव्या स्कंधातले आठ ते दहा हे तीन अध्याय मराठी अर्थासकट वाचून काढ. प्रल्हादाची स्तुती लांब आहे, कंटाळा येईल, पण ती सोडू नकोस, रोज चारपाच श्लोक घे. अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर, मी मोकळा असतो.

तुझा काका