'पुट ऑफ' म्हणजे फक्त पुढे ढकलणे का?

नाही. 'द मीटिंग वॉज पुट ऑफ टिल मंडे', म्हणजे बैठक सोमवारवर गेली, हा पाठ्यपुस्तकातला अर्थ. पण बोलण्यात मन उडणे हाही तितकाच येतो: 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड', त्या वासाने अन्नावरची वासनाच उडाली. गोलंदाज धावत येतोय आणि साइटस्क्रीनसमोरून कोणीतरी चाललंय, फलंदाजाचं लक्ष विचलित झालं, तर 'इट पुट हिम ऑफ'. शिवाय पैसे मागायला आलेल्याला सबबी सांगून टोलवत राहणं, तेही 'पुट हिम ऑफ'च.

ओळखायचं कसं? कर्म बघा. काम किंवा तारीख असेल तर बहुधा ढकलणे. माणूस असेल तर उरलेल्या तीन अर्थांपैकी एक, आणि तो कोणता ते संदर्भच सांगतो.

आपल्याकडे हमखास चुकतं ते पुढचं क्रियापद. 'पुट ऑफ टु गो' नाही, 'पुट ऑफ गोइंग'. सर्वनाम मध्येच बसतं: 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' कधीच नाही. नाम मात्र दोन्हीकडे चालतं, 'पुट ऑफ द ट्रिप' किंवा 'पुट द ट्रिप ऑफ'. आणि आग विझवायची असेल तर 'पुट आउट', तिथे 'ऑफ' नको.